सहा खणांना सहा खण

आत्याचं शिवणाचं सामान श्रीखंडाच्या डब्यांत असतं. डब्यावर आम्रखंड लिहिलंय म्हणून आत आम्रखंडाइतकं काही ठरलेलं असेल असं नाही. एकात हुक, एकात टिचबटणं, एकात मोडलेल्या सुया, खडूचे तुकडे आणि कुणाचं तरी विसरलेलं मंगळसूत्राचं पेंडंट, जे नऊ वर्षं मालकिणीची वाट बघतंय. सोलापुरात कन्ना चौकाच्या मागच्या गल्लीत पस्तीस वर्षं ती ब्लाउज शिवते. गिऱ्हाइकं निम्मी तेलुगू, थोडी कानडी, उरलेली आपली. मापं घेताना ती तिन्ही भाषा एकाच वाक्यात वापरते आणि समोरच्या बाईला सगळं कळतं. हुक हवा असला की मात्र चार डबे उघडते, आणि चौथ्यात हुक सापडेपर्यंत पहिल्याचं झाकण मशीनखाली गेलेलं असतं.

गणपतीत तिच्याकडे आरतीला गेले होते, तेव्हा झाकण शोधायला मीच वाकले. तिथेच ठरवलं, भाऊबीजेला हिला खणांची पेटी द्यायची. लाकडी, मशीनशेजारी मावेल एवढी, सहा खणांची. नुसती विकत आणून नाही, स्वतः सजवून. याआधी मी लाकडावर केलेलं एकमेव काम म्हणजे शाळेतली फळी घासून आणलेले सोळापैकी सात मार्क. ते काही मला अडवू शकलं नाही.

तुळजापूर वेशीजवळच्या एका मिस्त्रींकडून पेटी करून घेतली. रुंदी सोळा इंच, उंची बारा, खोली दहा. लाकूड पाइनचं, मशिनरीच्या खोक्यांतून निघालेलं. सागवानाचा भाव ऐकून मी आपण होऊनच पाइनवर आले. खणांचे तळ चार एमएम प्लायचे. चॅनेल वगैरे काही नाही, लाकडावर लाकूड सरकणार. मिस्त्रींनी चौदाशे सांगितले, मी बाराशे म्हटलं, ते हसले आणि चौदाशेच घेतले. पेटी देताना म्हणाले, "ताई, चारी बाजूनं अर्धं सूत गाळा ठेवलाय. रंगानं भरून टाकू नका." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अर्धं म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. मी मान डोलावली. त्या वाक्याचा अर्थ मला तीन आठवड्यांनी कळला.

सजवायचं काय, यावर घरात सगळ्यांना मतं होती. बाबांचं म्हणणं, सोलापूरची वस्तू आहे तर चादरीतला मोर काढ. बाबा अख्खं आयुष्य मागांच्या आवाजात राहिलेले, त्यांना दुसरं काय सुचणार. मलाही ते पटलं. चादरीचं डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर काढतात, एकेक चौकट रंगवून, आणि मग त्यावरून जॅकार्डचे, म्हणजे मागाला नक्षी सांगणारे, पत्ते पंच होतात. म्हणजे चौकटीचा कागद घेतला की आपलं काम झालंच, असं समजून मी दोन संध्याकाळी मोर काढत बसले. कागदावर तो छानच होता. पेटीवर धरला तेव्हा लक्षात आलं की खणाचं तोंड सात बाय सव्वातीन इंचांचं, आणि दोन खणांच्या मध्ये अर्ध्या इंचाची पट्टी. चोच वरच्या खणात, पिसारा खालच्या खणात, आणि पोट त्या पट्टीत. शिवाय वरचा खण उघडला की मोराचा शिरच्छेद. चादरीच्या मोराला हातभर जागा लागते. तो कागद मी घडी घालून ठेवून दिला.

मग एक दिवस 'खण' या शब्दावरच अडखळले. ड्रॉवर म्हणजे खण, आणि चोळीचं कापड म्हणजेही खण. लहानपणापासून दोन्ही शब्द बोलतेय, पण कधी शेजारी ठेवून बघितले नव्हते. खण येतो गुळेदगुड्डहून, विजापूरच्या पुढे, बागलकोट जिल्ह्यातून. दोन्ही बाजूंना काठ, मधे बारीक बुट्टी, दुकानात त्रिकोणी घडी घालून रचलेला. ओटीत जातो तोच. आपल्याकडे चाटी गल्लीत हवे तेवढे मिळतात. पण मला विकतचा नको होता. आत्याच्या मशीनखालच्या गाठोड्यात पस्तीस वर्षांची कातरणं आहेत, आणि ब्लाउजची बाही कापल्यावर जो तुकडा उरतो तो बरोबर एका खणाच्या तोंडाएवढा असतो. खणांना खण लावायचे.

प्रश्न एवढाच की तुकडे मागायचे कुणाकडे? जिला भेट द्यायची तिच्याकडेच.

"गोधडी करायचीय," मी सांगितलं.

आत्यानं चष्म्यावरून बघितलं. "तू? काय करालीस गं? मागच्या वर्षी परकराची नाडी ओवायला माझ्याकडं आलतीस."

पण गाठोडं सोडलं. सोडलं म्हणजे तासभर सोडतच होती. प्रत्येक तुकड्याला गोष्ट. हा काळा लाल काठाचा, त्या बँकेतल्या बाईंचा, गळा दोनदा उसवून घेतला. हा हिरवा चिंचपानी, लेकीच्या डोहाळजेवणाला. हा मोरपंखी, ती अक्का तेलुगूतून भांडली आणि निघताना शेंगाचटणी देऊन गेली. आत्याला नावं आठवत नाहीत, कापड आठवतं. मी बावीस तुकडे घेऊन आले. त्यांतले सहा लागणार होते. उरलेल्या सोळांची गोधडी ती अजून विचारते.

त्या आठवड्यात पावसानं धरलं. सोलापूरला आषाढ-श्रावण कोरडा जातो आणि पाऊस आठवतो तो सप्टेंबरात, परतीचा. पेटी गच्चीवरच्या खोलीत होती. पहिलं काम घासण्याचं. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०चा, नेहमी लाकडाच्या रेघेबरोबर. आडवा घासला तर ओरखडे रंगाखालूनही दिसतात, हे मी एका बाजूवर सिद्ध केलं. ती बाजू आता भिंतीकडे असते.

पाइनला गाठी असतात, आणि गाठींत राळ. वरून नुसता पांढरा प्रायमर मारला तर काही महिन्यांनी गाठीच्या जागी पिवळा डाग वर येतो. त्यावर उपाय चपडीचा. ५० ग्रॅम लाखेची चपडी पाव लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची, मधूनमधून बाटली हलवायची, सकाळी जुन्या मलमलीतून गाळायची आणि कापसाच्या बोळ्यानं गाठींवर लावायची. मी उत्साहात अख्ख्या पेटीलाच लावली. रंग मधासारखा सुंदर आला. संध्याकाळी सर आली. सकाळी बघते तर पेटीवर पांढुरकी झाक, कुणीतरी तांदळाचं पीठ भुरभुरल्यासारखी. मला वाटलं चपडी जुनी होती. मिस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, "पावसात कुणी सांगितलंतं पॉलिश करायला?" स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा त्या थरात अडकतो, म्हणून पांढरं दिसतं. दोन कोरडे दिवस थांबायचं आणि स्पिरिटमध्ये बुडवून पिळलेल्या फडक्यानं हलकेच पुसायचं. चपडी वरचेवर विरघळते आणि ओल निघून जाते. झालंही तसंच. चपडीचा हा गुण मला फार आवडला. रंग एकदा चुकला की चुकला, चपडी परत विचार करायला वेळ देते.

त्याच पावसात खणही घट्ट बसायला लागले. दोन तर ओढूनही येईनात. मी पेटी रिक्षात घालून परत मिस्त्रींकडे, म्हटलं रंधा मारून द्या. त्यांनी खण हातात घेऊन उलटासुलटा केला, बाजूला ठेवला आणि चहा मागवला. "आत्ता मारला तर दिवाळीत खुळखुळा होईल. लाकूड पाणी प्यालंय. रेघेच्या लांबीत नाही फुगत, रुंदीत फुगतं. थांबा." मी थांबले. नवरात्रात ऊन पडलं आणि खण आपोआप सुटले. मिस्त्रींचे त्या चहाचे पैसेही मी दिले नाहीत, हे आत्ता लिहिताना आठवतंय.

रंगाला बाहेरून मी गडद अंजिरी निवडला. आत्याच्या तोंडचे रंग अंजिरी, आनंदी, चिंतामणी असेच असतात, दुकानातल्या पुस्तकात मात्र सगळ्याला इंग्रजी नावं आणि आकडे. तिच्या एका तुकड्यातला धागा घेऊन गेले आणि दुकानदाराला म्हटलं, हा. पाण्याचा रंग होता. प्रायमरचा एक हात दिला की लाकडाचं तूस उभं राहतं, गालावर दाढीचे खुंट यावेत तसं. ते ३२०नं हलकेच काढायचं, पुसायचं आणि मग रंगाचे दोन पातळ हात. सगळीकडे पातळ असंच सांगतात. पण मला दुसऱ्या हाताला रेघा दिसल्या म्हणून तिसरा दिला, आणि दिला तो खणांच्या कडांनाही आणि पेटीच्या आतल्या तोंडांनाही. नीट दिसावं म्हणून.

अर्धं सूत तिथे संपलं.

सहाच्या सहा खण अडकले. त्याहून वाईट म्हणजे रंगवण्याआधी मागच्या बाजूला पेन्सिलनं घातलेले नंबर मी रंगाखाली घालवले होते. हातानं केलेल्या पेटीत प्रत्येक खण आपापल्या जागीच बसतो, दिसायला सारखे असले तरी. सहा खण, सहा जागा, म्हणजे ७२० प्रकार. बाबांनी तो हिशेब तोंडी करून मला ऐकवला आणि टीव्ही बघायला गेले. शेवटी आतल्या तोंडांचा सगळा रंग घासून काढला, कडांचाही, परत लाकडापर्यंत, आणि एकेक खण एकेका जागेत घालून बघत रात्री साडेअकराला जोड्या जुळवल्या. या वेळी नंबर तळाला, खिळ्याच्या टोकानं कोरले. सरकणाऱ्या कडांना देवघरातली मेणबत्ती घासली. रंग तिथे नकोच, मेण हवं. आता बोटानं ढकललं तरी खण आत जातो आणि शेवटी हलकासा 'टप्' वाजतो.

मग कापड. पहिला तुकडा मी फेविकॉल पाण्यात कालवून थेट चिकटवला. पाच मिनिटांत गोंद कापडातून वर आला आणि हिरव्या चिंचपानीवर पावसाच्या पाण्याचे डाग पडावेत तसे डाग. तो तुकडा गेला. दुसरा लाल काठाचा, त्यानं तर ओल लागताच रंगच सोडला, काठाखाली गुलाबी ओघळ. आता आत्याला विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"आत्या, गोधडीला मागून काही लावतात का, गोंद वर येऊ नये म्हणून?"

"गोधडीला गोंद?"

मी फोनवर खोकले.

पलीकडे मशीन थांबल्याचा आवाज आला. मग ती सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागली. "काय चिकटवालीस ते चिकटव. आधी पाणी काढून घे कापडाचं, नाहीतर नंतर आटतं. कोपरा भिजवून पांढऱ्या कापडावर दाब, रंग सोडतो का बघ. सोडत असला तर दुसरा घे, मीठबीठ घालून काही होत नाही, मी सगळं करून बघितलंय. आणि मागून फ्युजिंग लाव, ब्लाउजच्या गळ्याला लावते ते. इस्त्री दाबायची, उचलायची, दाबायची. घासायची नाही. घासली की काठ वाकडा होतो." थोडं थांबून म्हणाली, "गोधडी केवढी आहे म्हणालीस?"

फ्युजिंगनं, म्हणजे इस्त्रीनं चिकटणाऱ्या त्या अस्तरानं, सगळंच बदललं. मागून फ्युजिंग बसलं की खण कागदासारखा ताठ होतो, कापताना सुटत नाही, आणि गोंद आरपार येत नाही. गोंद कापडाला लावायचा नाही, लाकडाला लावायचा, पातळ, जुन्या एटीएम कार्डानं ओढून. त्यावर कापड ठेवायचं, मधून कडांकडे तळव्यानं दाबत जायचं, वर पांढरा कागद, त्यावर पाट, पाटावर वरवंटा. रात्रभर.

काठ सगळ्या खणांना खालच्या बाजूला घेतला, म्हणजे पेटीसमोर उभं राहिलं की तीन ओळी दिसतात, लुगड्याच्या निऱ्यांसारख्या. कापड कडेवरून आत वळवायचा मोह झाला होता. एका खणाला वळवलंही. पण कापडाची जाडी दोन्ही बाजूंना आली की परत तेच अर्धं सूत. तो खण उघडायला मला दात लावावे लागले असते. म्हणून तोंडाच्या मापापेक्षा केसभर लहान कापून, कडेला गोंदाची बारीक रेघ देऊन, वाळल्यावर नव्या ब्लेडनं सुटे धागे छाटले.

वरून वॉर्निश लावायचं का? हात लागून मळेल, सगळे म्हणत होते. वाया गेलेल्या चिंचपानीवर लावून बघितलं. रंग गडद झाला, आणि काठाची ती झळाळी, जी उजेड बदलला की हलते, ती गेली. प्लास्टिकचा खण दिसायला लागला. नको म्हटलं. मळायचं तर मळेल, आत्याकडे तुकड्यांची कमी नाही. त्यापेक्षा कापडाला हात लागणारच नाही अशी मूठ बसवायची.

मुठींची युक्ती बाबांची, आणि तेवढ्यासाठी त्यांना ७२०चा हिशेब माफ. यंत्रमागाच्या धोट्यात घालायची लाकडी कांडी असते, जिच्यावर बाण्याचं सूत गुंडाळतात. आता प्लास्टिकच्या आल्या, जुन्या लाकडी कांड्या भंगारात किलोवर मिळतात. आमचे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. सोलापुरातली पहिली कापडगिरणी १८७७ची, जुनी मिल, ती बंद पडली ते बाबांनी लहानपणी पाहिलेलं, आणि पुढे लक्ष्मी-विष्णूही बंद झाली. भोंगे गेले, कांड्या भंगारात उरल्या. बाबांनी डझनभर आणल्या. हाताच्या तेलानं आणि सुतानं त्या इतक्या गुळगुळीत होतात की कुठल्याही पॉलिशला जमणार नाही. बुडाचा इंचभर भाग, पत्र्याच्या कड्यांसकट, करवतीनं कापला की झाली मूठ. मधे भोक आधीच असतं, त्यातून वॉशर घालून स्क्रू. दोन कापताना फुटल्या. सहा बसल्या.

आतून खणांना मी आधी मऊ कापडाचं अस्तर दिलं होतं. दागिन्यांच्या डबीसारखं दिसत होतं. मग प्रयोग म्हणून मूठभर हुक टाकले आणि काढायला गेले, तर प्रत्येक हुक अस्तराला धरून बसलेला. हुकाचं कामच ते. अस्तर फाडून काढलं. आत नुसती चपडी.

भाऊबीजेला ओवाळून झालं. बाबांनी ताटात पाकीट टाकलं आणि मी पेटी पुढे केली. आत्यानं पेटीकडे बघितलं नाही, आधी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ही गोधडी?"

मग चष्मा लावला. पेटी उजेडाकडे वळवली. एकेका खणावर बोट न टेकवता बोट फिरवलं, हवेतच, आणि प्रत्येकाची गोष्ट पुटपुटत गेली, शेंगाचटणीसकट. मूठ धरली, सोडली, परत धरली. "कांडी," ती बाबांना म्हणाली. बाबा हो म्हणाले. दोघं थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग ती वाकली, नाक कापडाला लागेल इतकी, आणि मधल्या ओळीतल्या डावीकडच्या खणाशी थांबली.

"हा उलटा लावलायस."

मी बघितलं. मला दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. तिनं मला काठाजवळचे तरंगणारे धागे दाखवले, जे सुलट बाजूला नसतात. खरंच उलटा होता. मी म्हटलं काढून परत लावते, आत्ता लावते.

"राहू दे," ती म्हणाली. "चुकून उलटं शिवलेलं मी पस्तीस वर्षांत कुणाला दाखवलं नाही. तू तर समोरच लावलंस."

पंधरा दिवसांनी मी तिच्याकडे गेले. पेटी मशीनच्या उजव्या हाताला, तिथे पूर्वी रेडिओ असायचा. वरच्या खणात हुक आणि आय, त्याच्या शेजारच्यात बॉबिन, अगदी मला हवं होतं तसं. मधल्या ओळीतल्या उलट्या खणात विजेचं बिल, चष्म्याचा स्क्रू आणि ते नऊ वर्षांचं पेंडंट. खालच्या दोन खणांत सुपारी.

टिचबटणं लागली तेव्हा ती खाली वाकली आणि आम्रखंडाचा डबा काढला. झाकण मशीनखाली गेलं.